वासाची गादी

१२ जानेवारी

हिशोबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात आणि तशीच रद्दीत जातात. यंदा त्यांच्यावर लिहायचं ठरवलं आहे. पानं रिकामी आहेत आणि मन भरलेलं आहे, दोघांचीही सोय होईल.

आज प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयातून एक माणूस आला आणि कारखान्याच्या फाटकावर कागद चिकटवून गेला. मार्च संपायच्या आत आमच्या कारखान्याचा वास शाळेच्या भिंतीशी ठरलेल्या मर्यादेखाली आला नाही, तर बॉयलरला सील. बॉयलर थंड म्हणजे कारखाना बंद, आणि मग आमच्यासकट तिथे राबणाऱ्या सगळ्या बायकांच्या चुली थंड.

कारखाना आमचाच, घराच्या मागच्या अंगणाला लागून. मासळी डब्यांत भरणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे जी डोकी, काटे, आतडी उरतात ती ट्रकने आमच्याकडे येतात. आम्ही ती शिजवतो, पिळतो, ड्रायरमध्ये वाळवतो आणि दळतो. ती भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. दुसऱ्याने टाकलेलं सगळं कामी येतं, हे मला या धंद्यातलं फार आवडतं. वाया जातो तो फक्त वास. मला आणि ह्यांना तो आता कळतही नाही. पण बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहते, आणि पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं आत भिरकावतो, त्यावरून अंदाज येतो.

तक्रार केली ती शाळेच्या मोठ्या बाईंनी. शाळा आमच्या भिंतीपलीकडेच आहे. आमच्या बाजूच्या त्यांच्या खिडक्या भर उन्हाळ्यातही लावलेल्या असतात.

हे जेवले नाहीत. म्हणाले, "बाबांनी उभा केलेला धंदा एका मास्तरणीच्या नाकापायी जाणार."

मी म्हटलं, "नाक त्यांचं असलं तरी वास आपलाच आहे ना?"

त्यावर उठून फेऱ्या मारायला गेले. मी देवापुढे बसले. काहीतरी सुचव म्हटलं, मला नाही तर ह्यांना तरी.

१९ जानेवारी

सुचवलं, आणि बसने पाठवून दिलं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आली आहे. ती हवा शुद्ध करण्याचं इंजिनीअरिंग शिकते, शेवटचं वर्ष आहे. एवढी वाढली तरी हे तिला छोटीच म्हणतात.

आल्या आल्या मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या केसांनाही मासळीचा वास येतो गं." इतकं तोंडावर बोलणारं माणूस घरात नव्हतंच कोणी. बरं वाटलं.

जेवताना तिने ताटं सरकवून कागद पसरला. सिमेंटचा मोठा उघडा हौद. तळाला फटी असलेली फरशी. तिच्यावर लाकडाचे तुकडे, झाडांच्या साली आणि कुजलेलं खत यांचा जाड थर. ड्रायरमधून जी घाण हवा बाहेर पडते ती पंख्याने ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यातून थंड करायची आणि या थराच्या खालून सोडायची. थरात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. हवा वर जाता जाता ते तिच्यातला वास खाऊन टाकतात.

"जंतू वास खातात?" ह्यांनी घास तसाच धरून विचारलं.

"हो काका. खातात, वाढतात आणि आणखी खातात. तुम्ही रोज एवढा स्वयंपाक करून हवेत सोडता. मी फक्त जेवणारे आणून बसवते."

"आणि त्यांचा पगार?"

"ओलावा. बाकी काही मागत नाहीत."

हे त्या कागदानंतर आज पहिल्यांदा हसले. मला जेवण सुचेना. एका साध्या लाकडाच्या तुकड्यावर देवाने एवढं कुटुंब बसवून ठेवलं आहे आणि आपण ते चुलीत घालत होतो.

२७ जानेवारी

हौद बांधून झाला. साली आणि तुकडे लाकडाच्या वखारीतून आणले. ते लोक एरवी पैसे देऊन फेकायला लावत होते, आम्ही नेतो म्हटल्यावर त्यांनीच ट्रकमध्ये भरून दिले. मला असे व्यवहार झाले की दिवसभर गाणं सुचतं.

थर पसरायला कारखान्यातल्या बायका उतरल्या. त्यांच्या मुकादमीणबाईला सगळे तोफ म्हणतात, नाव आवाजावरून पडलं आहे. ती हौदाच्या कडेवर उभी राहून म्हणाली, "वहिनी, माझ्या नवऱ्याला लग्नापासून नवी गादी मिळाली नाही, आणि वासाला एवढी मऊ गादी घालताय?"

तेव्हापासून सगळे त्या हौदाला गादीच म्हणतात. छोटीसुद्धा. तिच्या नकाशावर वेगळं मोठं नाव आहे, पण ते कोणाच्या जिभेवर बसत नाही.

३१ जानेवारी

पंखा सुरू झाला. गादीतून वाफ वर यायला लागली, थंडीत माणसाच्या तोंडातून येते तशी. सगळे नाक वर करून उभे राहिलो. तोफ म्हणाली, "काल होता तसाच आहे."

छोटी म्हणाली, "त्यांना रुळायला वेळ द्या. हळूहळू वाढतील."

मला पटलं. मी या घरात आले तेव्हा मलाही इथल्या आमटीची चव अंगवळणी पडायला दिवस लागले होते. हे मात्र दर तासाला जाऊन हुंगून येतात. ह्यांना स्वतःला काही कळत नाही, म्हणून बरोबर ट्रकच्या ड्रायव्हरला नेतात.

१३ फेब्रुवारी

आज कधी एकदा लिहायला बसते असं झालं होतं.

दुपारी दाराची घंटा वाजली. उघडलं तर पोस्टमन. दारात. हातात पत्र, चेहरा काळजीचा.

"बाई, कारखाना बंद पडला का हो?"

मी म्हटलं, "नाही, का?"

"नाही, वास नाही म्हणून विचारलं. वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं की काय."

मी त्याला उभं ठेवूनच मागे पळाले, चपलाही घातल्या नाहीत. ड्रायर जोरात चालू होता. तोफ अंगणाच्या मध्यावर उभी राहून स्वतःच्या बाह्या हुंगत होती. म्हणाली, "वहिनी, आता फक्त आम्हालाच येतोय. आम्हालाही गादीवर टाका." हे गादीच्या कडेला हात जोडून उभे होते. ह्यांना मी देवापुढेही इतक्या मनापासून हात जोडताना पाहिलेलं नाही.

आणि तेवढ्यात शाळेच्या बाजूची एक खिडकी उघडली. आधी जराशी, मग पूर्ण. मग दुसरी. मोठ्या बाईंचा हात दिसला, उघडी झडप खिटीला अडकवताना. वर्गातली कविता म्हणणारी मुलं एकदम मोठ्याने ऐकू आली, जणू आमच्याच अंगणात बसली आहेत. छोटी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही.

१६ फेब्रुवारी

छोटी परीक्षेसाठी गेली. मार्चच्या सुरुवातीला येईल. जाताना गादी माझ्या ताब्यात दिली.

तिने मला वर चढवलं आणि मूठभर चुरा हातात दिला. "दाब. हाताला ओल लागली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. रोज असं बघायचं आणि लागेल तसं पाणी सोडायचं. पाण्यात हयगय नको मावशी, सगळं पाण्यावर आहे."

"तुझ्यापेक्षा जास्त जपेन," मी म्हटलं.

लग्न झाल्यापासून या कारखान्याचे हिशोब मीच लिहिते, पण ते घरात बसून. तिथे जाऊन हाताने करायचं काम आज पहिल्यांदा मिळालं. सकाळची प्रार्थना मी आता गादीच्या कडेला उभी राहूनच म्हणणार आहे. देव तिथेही ऐकतो, आणि एक फेरी वाचते.

१८ फेब्रुवारी

आज मी एक मोठंच काम केलं.

विहिरीचं पाणी खाली गेलं आहे आणि टँकर मागवावे लागणार. गादीला रोज एवढं पाणी कुठून घालायचं, या विचारात कारखान्यात उभी होते. बायका लाद्या धूत होत्या. आरोग्य खात्याचा नियम आहे, काम संपलं की सगळं ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने धुवायचं. पहिलं पाणी खवल्यांचं आणि चरबीचं, ते जाऊ दे गटारात. पण शेवटचं पाणी पाहिलं तर काचेसारखं. तेही गटारात.

लगेच प्लंबरला बोलावलं. शेवटच्या धुण्याचं पाणी आता एका टाकीत जमतं आणि तिथून पाइपने गादीला जातं. विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतं, किडे असतात, काय काय असतं. या पाण्यात औषधाला जंतू सापडायचा नाही. इतकं शुद्ध पाणी गादीला आजवर मिळालं नसेल.

प्लंबर म्हणाला, "वहिनी, तुमच्या ताब्यात दिला तर तुम्ही समुद्रही पुरवून वापराल."

हे दिवसभर ट्रकच्या मागे होते. छोटी आली की दोघांना एकदमच दाखवेन. तोंड बघण्यासारखं होईल.

२३ फेब्रुवारी

पोस्टमन दारापर्यंत आला नाही. अंगणात थांबला, तिथूनच पत्र पायरीवर ठेवलं. घाईत असेल.

२५ फेब्रुवारी

आज त्याने फाटकातून भिरकावलं.

तोफ म्हणाली, "वहिनी, गादीलाच झोप लागली वाटतं." मी मूठभर चुरा उचलून दाबला. ओल बरोबर आहे, अगदी छोटीने सांगितली तशी. तरी वाटलं उन्हाने तहान वाढली असेल, म्हणून पाणी वाढवलं. टाकी भरलेली असल्यामुळे हात आखडायला लागत नाही, हे एक बरं.

दुपारी, वर्ग चालू असतानाच, शाळेच्या खिडक्या लागल्या. एकेक करून, मी उभी असताना. मुलांचे आवाज पेटीत घातल्यासारखे झाले.

२७ फेब्रुवारी

अजून पाणी वाढवलं. प्रार्थनाही वाढवली. हे कोणाशी बोलत नाहीत. मी एवढं जपते आहे, दोन वेळा जातीने पाणी घालते आहे, मग बिनसलं कुठे? छोटीचंच काही राहून गेलं असेल. तिला पत्रात कळवलं नाही, परीक्षेत मन लागायचं नाही.

२ मार्च

छोटी आली. पिशवी दारात टाकून थेट गादीवर चढली. मूठभर चुरा उचलून हुंगला. खाली खणून आणखी एक मूठ काढली, तीही हुंगली. मग पाइपच्या कडेकडेने चालत माझ्या टाकीपाशी गेली, आत हात बुडवला आणि नाकाशी नेला.

"मावशी, ही टाकी कधी बसवलीस?"

एवढ्या दिवसांची वाट पाहून शेवटी मी सगळं सांगितलं. कसं सुचलं, प्लंबर काय म्हणाला, किती टँकर वाचले. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे ओले झाले होते तिचे, प्रवासात जागरण झालं असणार.

"जोडणी छान केली आहेस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण मावशी, हे पाणी संडासांना लावू या ना. तिथे विहिरीचं चांगलं पाणी उगाच जातं."

खरंच की. माझ्या कसं लक्षात आलं नाही? तासाभरात प्लंबरने पाइप फिरवून दिला.

ती आणि हे बराच वेळ कचेरीत दार लावून बोलत होते. बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "माझं चुकलं. खताचं प्रमाण बिघडलं. थर नव्याने भरावा लागेल."

हे ओरडले. "मार्च उजाडला आणि आता चुकलं म्हणतेस? हेच शिकवतात का तिथे?" ओरडताना तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. मी मध्ये पडले. लेकरू आहे, माणूस चुकतं, म्हटलं. तिचा मला राग आला नाही. खरं लिहायचं तर थोडा आला. इतकं शिकून खताचं साधं प्रमाण चुकावं?

५ मार्च

हे पान कसं लिहू?

छोटीला आणखी मुदत मिळावी म्हणून मी आज ह्यांना न सांगता शाळेत गेले. मोठ्या बाईंनी कार्यालयाला दोन ओळी लिहिल्या तर मुदत वाढेल, असं मनात होतं. मला वाटलं होतं दारातूनच घालवतील. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मध्यंतरी आम्ही खिडक्या उघडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मुलांना इतकं नवल वाटलं की कोणी फळ्याकडे बघेना. मग काय झालं?"

मी छोटीची बाजू मांडली. मुलगी हुशार आहे, एकदा चुकली, पण मन लावून करते. "आणि पाण्याचं तर मी स्वतः बघत होते," मी म्हटलं, आणि अर्थातच टाकीचं सांगितलं. चांगली गोष्ट सांगताना मला थांबता येत नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "कसलं पाणी म्हणालात?"

"लाद्यांचं शेवटचं धुणं. ब्लीचिंग पावडरीचं. अगदी स्वच्छ असतं."

मोठ्या बाई आधी विज्ञान शिकवत. त्यांनी मला वर्गातल्या मुलीला विचारावं तसं विचारलं, "ब्लीचिंग पावडर आपण कशासाठी घालतो हो?"

"जंतू मरावेत म्हणून."

"आणि तुमच्या त्या गादीत कोण राहतं?"

"जंतू," मी म्हटलं, आणि माझंच उत्तर मला ऐकू आलं.

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मला पाण्याकडे बघवेना. त्या क्षणाला मला छोटीचा टाकीत बुडवलेला हात दिसला, नाकाशी नेलेला. ओले डोळे. संडासांना लावू या ना. ह्यांचं भिंतीकडे बघून ओरडणं.

मुंगी दिसली तर मी पाय बाजूला टाकते. आणि रोज सकाळी, तोंडाने देवाचं नाव घेत, मी त्या सगळ्यांना विष पाजत होते. ते मरायला लागले तसं जास्त पाजलं.

मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. हसू आवरायचा त्या फार प्रयत्न करत होत्या. "माफ करा," म्हणाल्या, "पण मी तीस मुलांना हा धडा शिकवायला धडपडते, आणि तुम्ही आख्खा कारखाना घेऊन प्रयोग केलात." आणि हसल्या. मग मी पण हसले, आणि हसता हसता रडले, आणि त्यांनी दार लावून घेतलं, कारण मुलं डोकावायला लागली होती.

निघताना म्हणाल्या, "मुदतीचं पत्र मी लिहिणार नाही. माझी मुलं आणखी किती दिवस खिडक्या लावून बसणार? पण दुसरं काही लागलं तर सांगा."

६ मार्च

सकाळी दोघांनाही स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं, "गादी मी मारली."

हे चहात बघत राहिले. "माहीत आहे."

"तुम्हालाही?"

"छोटीने त्याच दिवशी सांगितलं."

"म्हणजे ते ओरडणं नाटक होतं?"

"ओरडणं खरं होतं," हे म्हणाले. "फक्त माणूस बदललं होतं."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. छोटी म्हणाली, "मावशी, तू त्या टाकीबद्दल सांगताना इतकी खूश होतीस. माझ्याच्याने बोलवेना. आणि मीच सांगायला हवं होतं तुला की पाणी विहिरीचंच. ती तर माझी चूक आहेच."

"तू मनाला लावून घेशील, जेवण सोडशील असं वाटलं," हे म्हणाले.

"सोडलं असतं. एक वेळचं वाचलं असतं. पण चूक माझी होती, आणि तुम्ही दोघांनी ती मला न विचारता आपापसांत वाटून घेतलीत. मला काय शोकेसमध्ये ठेवायचं आहे? सगळ्या बायका छोटीला हसतायत आणि मी तिला मोठ्या मनाने माफ करत फिरते आहे."

हे ऐकून छोटीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला तरी फुटलंच. ह्यांनाही. मी नाही हसले, निदान लगेच तरी नाही. म्हटलं, "माझी चूक मला परत द्या. आणि ही गादी कशी जगते ते पहिल्यापासून शिकवा. कशाने मरते तेही."

मग कारखान्यात जाऊन, बायका कामाला लागायच्या आधी, सगळ्यांना सांगितलं. तोफ म्हणाली, "वहिनी, आमच्या संडासात मात्र आता एक जंतू दिसत नाही, ते पण बघा." सगळ्या हसल्या. छोटीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. ते बरोबर होतं.

८ मार्च

नव्या थराला नुसतं खत पुरत नाही, त्यात जिवंत बी लागतं, म्हणजे भरपूर जंतू असलेलं जुनं कुजलेलं खत. छोटीला ते मिळत नव्हतं. मला आठवलं, शाळेच्या बागेत मागे मोठा खड्डा आहे, पानं आणि मुलांच्या डब्यांतलं उरलंसुरलं वर्षानुवर्षं तिथे कुजतं. चिठ्ठी पाठवली. तासाभरात मोठ्या बाई स्वतः भिंतीपलीकडे उभ्या. भिंतीवरून टोपल्या येत होत्या आणि तोफ खाली झेलत होती.

शेवटची टोपली देताना त्या मला म्हणाल्या, "हे सगळे जिवंत आहेत बरं का."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

दिवसभर थर भरला. ह्यांचे जुने गमबूट पुढे कापडाचे बोळे घालून मी घातले. चालताना आवाज होतो, पण काय रुबाब येतो.

१४ मार्च

रोज एक धडा. गादीच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा. ऊब असली म्हणजे जेवणं चालू आहेत. काचेच्या वाकड्या नळीतलं पाणी एका बाजूला फार चढलं, तर थर दाबला गेला आहे आणि हवा अडते आहे. ड्रायर बंद असला तरी पंखा बंद ठेवायचा नाही, नाहीतर आत गुदमरतात. टँकर मागवला. पाणी विकत घेताना पहिल्यांदाच माझा जीव खालीवर झाला नाही.

पोस्टमन अजून फाटकाशीच.

२१ मार्च

गादीवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. मी घाबरून छोटीला हाक मारली, म्हटलं आता काय केलं मी? ती नाचायलाच लागली. छत्र्या म्हणजे खाली सगळं जिवंत आहे. ह्यांना ओढत आणून दाखवल्या. हे म्हणाले, "भाजी होईल का?" काही वाया न घालवायचं माझं वेड आता ह्यांनाही लागलं तर.

पोस्टमन आज अंगणाच्या मध्यापर्यंत आला. तिथे थांबला, नाक वर केलं आणि आणखी दोन पावलं टाकली. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. श्वास रोखला होता, तोही आणि मीही.

२८ मार्च

तपासणी झाली.

कार्यालयाचे साहेब आले, यंत्र घेऊन. बरोबर परगावची तीन माणसं, नाकाची परीक्षा घेऊन निवडलेली. त्यांना शाळेच्या भिंतीशी उभं केलं. वारा नेमका तिकडेच होता. साहेबांनी सांगितलं, ड्रायर पूर्ण जोरात चालवा. ट्रक सकाळीच आला होता, आतडीच आतडी. तोफ ओठ हलवत होती, शिव्या देत होती की प्रार्थना म्हणत होती ते कळलं नाही. मी गादीवर उभी होते. थर्मामीटर तीन वेळा बघितला, मग छोटीने काढून घेतला.

ती तीन माणसं हुंगत होती, पाट्यांवर लिहीत होती, पुन्हा हुंगत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "इथे बाग आहे का? पावसानंतरच्या मातीसारखं काहीतरी येतंय." मोठ्या बाई म्हणाल्या, "ती गादी." त्या सकाळपासून भिंतीपलीकडे उभ्या होत्या. त्यांच्यामागे सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीत डोकी.

साहेबांनी पाट्या गोळा केल्या, यंत्राचा कागद फाडला, बेरीज केली. मी दुरूनही आकडे वाचू शकते. मर्यादेच्या निम्म्याहून खाली. ह्यांनी साहेबांच्या तोंडून ऐकेपर्यंत दम धरला, मी मात्र वरूनच "झालं" म्हणाले आणि तोफेने कारखाना दणाणून सोडला.

मग साहेब म्हणाले, "परवानगी देतो. पण ही जिवंत वस्तू आहे, रोजची जबाबदारी कोणाची ते लिहावं लागेल. नाव कोणाचं घालू?"

हे छोटीकडे बघायला लागले. छोटी म्हणाली, "मी परवा जाते आहे. मावशी बघणार."

साहेबांनी माझ्या गमबुटांकडे बघितलं. "शिक्षण?"

"मॅट्रिक."

"ही कशाने मरते ते माहीत आहे?"

"आहे," मी म्हटलं. "ब्लीचिंगच्या पाण्याने. मी एकदा मारली आहे."

ह्यांनी जमिनीकडे बघितलं. भिंतीपलीकडून मोठ्या बाईंचा खोकला ऐकू आला. साहेब हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. पेन उघडून म्हणाले, "आणखी कशाने?"

"कोरडी पडली तर. फार भिजली तरी. पंखा थांबला तर गुदमरते. ड्रायरची हवा थंड न करता सोडली तर भाजते. आणि कारखाना फार दिवस बंद राहिला तर उपाशी मरते, म्हणून सुट्टीतसुद्धा तिला थोडं जेवण ठेवावं लागतं."

साहेब लिहीत होते. हे मागून माझी बाही ओढत होते, पुरे म्हणून. मी एक पायरी खाली उतरले, साहेबांना नीट ऐकू जावं म्हणून, आणि थर दाबला गेला की काय करायचं ते सांगायला सुरुवात केली.